अक्काचा नंबर

आमच्या आईला सही करता येत नव्हती. तरी इंग्रजीतला एक शब्द ती दिवसातून कितीतरी वेळा वापरायची आणि तो इंग्रजी आहे हे तिला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. तो शब्द म्हणजे नंबर. उजाडायच्या आत ती अक्काला हलवायची, "ऊठ गं, नळाला नंबर लाव." मग अक्का हंडा-कळशी घेऊन जायची आणि आमच्या आळीतल्या हंड्यांच्या रांगेत आपला हंडा ठेवून यायची. दुपारी बाजरीचा डबा गिरणीत जायचा, तिथंही नंबर. गिरणीचं इंजिन टुकटुक करत असेपर्यंत आपला नंबर लागेल अशी आशा, आणि ते थांबलं की आई कपाळाला हात लावायची. आजोबांच्या वाटणीत आलेली जमीन म्हणजे 'वरचा नंबर' आणि 'खालचा नंबर'. चुलते वरच्या नंबरात बाजरी करायचे, खालच्यात हुलगे. बाजाराच्या दिवशी वांगीवाला ओरडायचा, "एक नंबर माल, घ्या!" आणि त्याच वांग्यात किडा निघाला की आई म्हणायची, "मेला नंबरी दिसतोय." म्हणजे एकाच शब्दानं आमच्या तिसगावात माणूस चांगलाही ठरायचा आणि लबाडही.

या सगळ्या नंबरांत घरात मान होता तो शाळेतल्या नंबराला. आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, गावातल्याच प्राथमिक शाळेत शिक्षक होते. शेतकऱ्याच्या घरातला शिकलेला पहिला माणूस. पांढरा सदरा, पायजमा, टोपी, आणि चालताना पाठ इतकी ताठ की लांबूनही गुरुजी ओळखू यावेत. त्यांच्यावर गावाचा भरवसा होता आणि त्या भरवशाला ते जिवापाड जपायचे. माझा वर्गात पहिला नंबर येई. निकालाच्या दिवशी ते काही बोलत नसत. फक्त संध्याकाळी आईला म्हणत, "मंदाला गुळाचा खडा दे." तो गूळ तोंडात धरून मी अंगणात मिरवत असे. अक्का तेव्हा चुलीपुढं असायची. मला कधी वाटलं नाही की तिला हाक मारावी.

अक्का माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. शकुंतला तिचं नाव, पण तिला शकू म्हणणारे घरात दोघंच, आई आणि दादा. ती उंच होती, दादांसारखीच. केस लांबसडक. हाताला चव अशी की तिच्या हुलग्याच्या शेंगोळ्यांसाठी चुलते शेतातून मुद्दाम वाकडी वाट करून यायचे. पण शाळेत तिचा नंबर शेवटचा. शेवटचा नसला तर शेवटून दुसरा. ती दादांच्याच वर्गात होती त्या वर्षी दादांनी तिला अगदी मागं, भिंतीला टेकून बसवलं. उंच मुलं मागं बसतात हे एक कारण होतं. दुसरं त्यांनी आईला सांगितलेलं मला पुढं कळलं. "मास्तरची पोर म्हणून पुढं घेतली, असं कुणी म्हणायला नको." फळ्यावरचं वाचायला सांगितलं की अक्का उभी राहायची आणि गप्प व्हायची. दुसऱ्या मुलाला एक छडी बसली असती तिथं तिला दोन बसत. तेही त्याच कारणानं. सातवीत ती नापास झाली आणि शाळा सुटली. कुणी तिला सोडवली असं नाही. निकाल लागला, शाळा पुन्हा सुरू झाली, आणि त्या सकाळी आईनं तिच्या हातात झाडू दिला. एवढंच झालं.

त्याच अक्काला माझी सगळी पुस्तकं पाठ होती. मी ओसरीवर मोठ्यानं वाचायची, ती आत बाजरी पाखडत असायची. सुपाचा आवाज एकसारखा चालू असे. मी कवितेत अडखळले की तो आवाज न थांबवता ती आतून पुढचा शब्द सांगायची. पाढे, राजांची नावं, नद्या कुठून निघतात, सगळं. तिला एकदा ऐकलेलं पुन्हा सांगावं लागत नसे. आई म्हणायची, "ऐकून ऐकून ध्यानात ऱ्हातंय तिच्या. पोपटागत." आणि आम्ही हसायचो. अक्काही हसायची. पुस्तक हातात घेतलं की ती ते नाकाला लावायची, म्हणून दादा म्हणत, "वाचतेस का वास घेतेस?" बायका म्हणायच्या, मास्तरची थोरली लई शिष्ट हाय, समोरून आली तरी वळख देत न्हाई.

आज हे लिहिताना वाटतं, एवढं सगळं समोर मांडून ठेवलेलं होतं. कुणालाही दिसावं असं.

मग एका हिवाळ्यात माझं डोकं दुखायला लागलं. शाळेतून आले की कपाळ ठणकायचं. दादा फार घाबरले. पुढं मला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवायचं होतं, आणि पहिल्या नंबरच्या मुलीचे डोळे म्हणजे घरातली मोठी वस्तू. त्यांनी शाळेतून रजा काढली, जी ते सहसा काढत नसत, आणि मला नगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. एसटीत मला उलटी व्हायची, म्हणून मला सांभाळायला अक्काला बरोबर घेतलं. तिनं नवं लुगडं नेसायला मागितलं तर आई म्हणाली, "तुला कोन बघतंय तिथं? डाक्टर हिला बघनार हाय."

दवाखान्यात नंबर लावून आम्ही बाकावर बसलो. बरीच गर्दी होती. अक्का मला मांडीवर डोकं ठेवू देत होती आणि हळूहळू कपाळ दाबत होती. आमचं नाव पुकारलं तेव्हा तिघंही आत गेलो. डॉक्टर वयस्कर होते, बोलणं तुटक पण आवाज मऊ. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि समोरच्या भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. मोठी अक्षरं वर, बारीक होत होत खाली. मी घडाघडा वाचली, शाळेत वाचते तशी. मग ते अक्काला म्हणाले, "ताई, तू हिचा एक डोळा तळव्यानं झाक, आणि तू सांगशील ती ओळ ही वाचेल. खालून दुसरी ओळ सांग."

अक्कानं माझा डोळा झाकला. मग ती म्हणाली, "कुठली ओळ?"

"खालून दुसरी. पाटीवरची."

"कुठली पाटी?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "समोर भिंतीवर आहे ती."

अक्का थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिली. "काहीतरी पांढरं हाय," ती म्हणाली. "कॅलेंडर हाय ना?"

तिचा तळवा माझ्या डोळ्यावर होता. तो गार पडलेला मला अजून आठवतो. उघड्या डोळ्यानं मला दादा दिसत होते. ते दाराशी टोपी हातात धरून उभे होते.

डॉक्टरांनी मला उठवलं आणि अक्काला स्टुलावर बसवलं. बराच वेळ ते तिच्या डोळ्यांवरच्या जड चौकटीत काचा घालत आणि काढत होते. "आता? आता बरं का मघाशी बरं?" एवढंच ऐकू येत होतं. मध्येच त्यांनी विचारलं, "डोकं दुखतं का?"

"रोजच," अक्का म्हणाली.

दादा पुढं झाले. "मग बोलली कशी नाहीस शकू?"

"बोलले हुते की. आई म्हनली कामाचा कंटाळा आलाय."

ती तक्रार करत नव्हती. विचारलं म्हणून सांगत होती. डॉक्टर दादांकडे वळले. "धाकटीच्या डोळ्यांत काही नाही. खाणं-झोप बघा. हिला मात्र नंबर आहे. मोठा आहे, आणि लहानपणापासूनचा असावा. फळा दिसलाच नसेल हिला कधी. शाळेत कुणाच्या लक्षात आलं नाही? मास्तर काय करत होते?"  मग त्यांनी कागद पुढं ओढत विचारलं, "आपण काय करता?"

"शिक्षक आहे," दादा म्हणाले. मी त्यांचा तो आवाज आधी ऐकला नव्हता, पुढंही कधी ऐकला नाही. डॉक्टरांनी मान खाली घातली आणि लिहायला लागले.

चष्मा आणायला पुन्हा नगरला जावं लागलं, तेव्हाही मी हट्टानं गेले. दुकानातून बाहेर आल्यावर अक्का पायरीवरच थांबली. मला वाटलं ती काहीतरी मोठं बोलेल. ती म्हणाली, "मंदे, लोक लांबूनच हसतात व्हय गं?" मला कळलं नाही. रस्त्याच्या पलीकडून आमच्याच गावची एक बाई आमच्याकडे बघून हसत येत होती. अक्कानं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी लांबून ओळख दिली. परतताना एसटीत ती खिडकीशी बसली आणि दुकानांच्या पाट्या, मैलाचे दगड, भिंतीवरच्या जाहिराती, दिसेल ते वाचत सुटली. मोठ्यानं, भराभर, एकही अक्षर न चुकता. माणसं वळून बघायला लागली. दादा पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत होते. मी त्यांच्या मांडीवर हात ठेवला तर त्यांनी तो उचलून हळूच बाजूला ठेवला.

त्यानंतर आमच्या घराचा आवाजच बदलला. आई अक्काच्या आवडीचं करायला लागली. मटकीची उसळ, गुळाच्या गोड कापण्या, आणि तोंडानं मात्र सारखी करवादायची, "सांगायचं नीट, ओरडून सांगायचं, मला काय देवानं डोळ्यातलं कळायला दिलंय व्हय?" दादा जेवताना ताटात बघून जेवायचे. माझा वर्गात पहिला नंबर आला त्या संध्याकाळी त्यांनी गुळाचं काढलं नाही. आईनं आपणहून खडा हातावर ठेवला तेव्हा तो मला चोरल्यासारखा वाटला. माझ्या डोळ्यांत काही नव्हतं, त्याचाही मला अपराध वाटायचा. मी मुद्दाम पुस्तक डोळ्यांजवळ धरून वाचायला लागले. आईनं पाठीत धपाटा घातला, "तुला आनि काय झालं गं?" मला काय झालं होतं ते मला तरी कुठं सांगता येत होतं?

अक्काच्या लग्नाचं बोलणं त्याआधीपासून चालू होतं. शेवगावकडचं स्थळ, मुलगा सोसायटीत कारकून. बघायला येण्याचा दिवस ठरला तेव्हा आईनं चष्मा काढून धान्याच्या कोठीवर ठेवला. "पावनं जाईस्तोर घालू नकोस. चष्म्याची पोरगी कोन करंल? एकदा अक्षता पडू दे, मग घाल डोळ्यांवर न्हाईतर डोक्यावर." अक्का बरं म्हणाली. दादा ओसरीवर होते. त्यांनी ते ऐकलं.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि एक मामा. पोहे झाले, चहा झाला. अक्का खाली बघत बसली होती, आणि मला माहीत होतं की तिनं वर बघितलं असतं तरी तिला तिघांच्या जागी तीन टोप्याच दिसल्या असत्या. नेहमीचे प्रश्न झाले. भाकरी येते का, शिवण येतं का. मग मामा सहज, काहीतरी बोलायचं म्हणून, दादांकडे वळून हसत म्हणाले, "गुरुजींची मुलगी म्हटल्यावर शाळेत नंबर पहिलाच येत असंल!"

दादांनी कप खाली ठेवला. "नाही," ते म्हणाले. "शेवटचा यायचा."

मामांना वाटलं गंमत आहे. ते हसले.

"शेवटचा यायचा, कारण तिला फळा दिसत नव्हता. तिला मोठा नंबर आहे डोळ्यांना. आणि तिला शेवटी बसवणारा मास्तर मीच होतो. छड्या मारणाराही मीच."  स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज झाला. "तुमच्यापासून लपवून मुलगी द्यायची नाही मला. मंदा, अक्काचा चष्मा आण."

मी कोठीवरून चष्मा आणला.  अक्कानं तो डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदा मान वर करून समोर बघितलं. आधी मुलाकडे, सरळ, जरा जास्तच वेळ. मग दादांकडे. पाहुण्यांनी आणखी थोडं पाऊसपाण्याचं बोलून निरोप घेतला. मामा दारात म्हणाले, "कळवतो." त्यांनी काही कळवलं नाही.

ते गेल्यावर आई चुलीपुढून उठलीच नाही. "पोरीचं वाटोळं केलं," एवढं म्हणाली आणि पुढं कित्येक दिवस दादांशी बोलली नाही. पाणी, ताट, सगळं माझ्या हातानं जायचं. त्या दिवशी संध्याकाळी अक्का अंगण झाडत होती आणि दादा तिच्यामागं उगाच उभे होते. ती झाडू न थांबवता म्हणाली, "जाऊ द्या दादा. बघितला मी त्याला. तोंडात तंबाखू हुती." दादांना हसू आलं नाही. मला आलं, आणि लगेच रडूही आलं.

दादांनी ठरवलं की अक्काला बाहेरून मॅट्रिकला बसवायचं. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ते तिला घेऊन बसत. ओसरीच्या भिंतीला त्यांनी फळा लावला होता. अक्का इतक्या वेगानं शिकत होती की मी, पहिल्या नंबरची, तोंड उघडं टाकून बघायची. बीजगणित तिला दादा एकदा सांगत आणि ती मला समजावून देई. ते दिवस आमच्या घरातले सगळ्यांत चांगले म्हणायला हवेत, पण दादांच्या चेहऱ्यावर तसं दिसत नसे. ती जितकी हुशार निघत होती तितके ते खचत होते. एकदा तिनं कठीण उदाहरण सोडवलं तेव्हा ते खडू ठेवून बाहेर निघून गेले. ती मला म्हणाली, "माझं चुकलं का गं काही?" शाळेतही त्यांनी नवीच सवय लावून घेतली. जूनमध्ये नवा वर्ग आला की आधी स्वतः मागच्या भिंतीशी जाऊन बसायचे आणि एकेका पोराला शेजारी बसवून फळ्यावरचं वाचून घ्यायचे. लोकांना वाटे, गुरुजी म्हातारपणाकडं विक्षिप्त झाले.

परीक्षा काही झाली नाही. त्याआधीच राजूरहून स्थळ आलं. तिथं बाजारपेठेत किराणा दुकान, मुलगा वयानं थोराड, पण मुलाच्या वडिलांनी सरळ सांगितलं, "चष्मा असला तर काय झालं, दिसतं ना?" आईला देव भेटल्यासारखं झालं. दादा म्हणाले, परीक्षा होऊ द्या. आई म्हणाली, "एक स्थळ घालवलंत, आता ह्ये बी घालवा." दादांनी परीक्षेचा विषय सोडला. त्यांना बोलायचा हक्कच आपला राहिला नाही असं वाटत असावं. अक्काला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा तिला सासरी पोहोचवायला दादा आणि मी गेलो. राजूरपर्यंतचा प्रवास लांब, डोंगरांतून. स्टँडवर उतरल्यावर तिचे दीर घ्यायला आले नव्हते, म्हणून आम्ही ट्रंकेवर बसून राहिलो. तेव्हा दादा एकदम म्हणाले, "शकू, मी तुला पुढं बसवायला पाहिजे होतं गं." अक्कानं त्यांच्या सदऱ्यावरची धूळ झटकली. "पुढं बसवलं असतं तर लोक बोलले असते दादा," ती म्हणाली. ती त्यांना धीर देत होती. पण दादांनी ते शब्द तोंडात मारल्यासारखे घेतले. 

पुढं डी.एड.ला माझा नंबर लागला. मी शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. अक्कानं दुकान सांभाळलं, मुलं वाढवली. तिचा संसार वाईट झाला असं मी म्हणणार नाही. राजूरच्या बाजारात आसपासच्या डोंगरातल्या वाड्यांवरून आलेल्या बाया तिच्याच दुकानात टेकतात, आणि सरकारी चिठ्ठी-चपाटी तिच्याकडूनच वाचून घेतात. तिला माझी कीव नको असते. माझ्या मनात जे आहे ते कीव नाही हे मला तिला कधी नीट सांगता आलेलं नाही.

मागच्या दिवाळीत तिच्याकडे गेले होते. जेवणं झाली होती, सगळे अंगणात बसलो होतो. तिची नात पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. ती माझ्या पायाशी बसून सुपारी कातरत होती. काही विषय निघाला आणि तिनं विचारलं, "मंदाआजी, आमची आजी शाळेत कशी होती गं? हुशार होती का?"

अक्का समोरच्या खाटेवर होती. तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, नुसतं ऐकायचं होतं तिला.

"माझ्यापेक्षा हुशार होती," मी म्हणाले.

सगळे हसले. जावई म्हणाले, "मोठ्या बहिणीबद्दल असंच बोलावं. याला म्हणतात संस्कार." नात म्हणाली, "मंदाआजी एकदम गोड आहे." मी म्हणाले, "अरे, खरंच सांगतेय." तेव्हा ते आणखीच हसले.

अक्का हसली नाही. ती उठली आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली. चुलीवर दूध नव्हतं.